कपाटाची किल्ली

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, संडे स्कूलच्या मोडक्या बाकांच्या पलीकडे, एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली कुणाकडे असावी यावर आमच्या मंडळीत जेवढी भांडणं झाली, तेवढी त्रैक्याच्या सिद्धांतावरही झाली नसतील.

२०२० च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेआठला चर्चच्या फाटकाशी एक बाई उभी होती, कडेवर पोर. नवरा नाक्यावरचा बिगारी, दीड महिना हाताला काम नाही. रेशन कार्ड गावचं, तेही सासऱ्याच्या नावावर. चिंचपाड्यात कुणीतरी तिला सांगितलं होतं, ‘चर्चवाले देतात.’ देत होतोच आम्ही. आतल्या खोलीत अकरा किट बांधून तयार होती: पाच किलो तांदूळ, पाच किलो आटा, दोन किलो तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, साखर, चहा, साबण. पण खोलीला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते भाऊ आईच्या मातीसाठी ई-पास काढून संगमनेरला गेलेले. किल्ली त्यांच्या खिशात. आईच्या मातीला निघालेल्या माणसाला ‘किल्ली ठेवून जा’ असं म्हणायचं सुचणार तरी कुणाला?

मी पाळकसाहेबांना फोन लावला. त्यांनी सेक्रेटरींना लावला. सेक्रेटरींनी मला लावला. शेवटी बायकोनं आमच्याच डब्यातले तांदूळ पिशवीत ओतले, वर चार कांदे-बटाटे टाकले, आणि ती बाई गेली. मी बराच वेळ फाटकाच्या कठड्यावर बसून राहिलो.

मला लाज वाटत होती, आणि त्याला कारण होतं. एकतीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअर्सला काढली. रात्रपाळीत मशीन बंद पडलंय, बेअरिंग कपाटात आहे आणि किल्ली सापडत नाही, असं एकदा जरी झालं असतं तरी सकाळी मला घरी बसवलं असतं. तिथे दुसरी किल्ली सिक्युरिटीच्या केबिनमध्ये सीलबंद पाकिटात असायची. पाकीट फोडलं की रजिस्टरात वेळ आणि सही. बेअरिंगसाठी जे मी एकतीस वर्षं केलं, ते तांदळासाठी करायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. चर्चमध्ये शिरताना मी डोकं चपलांबरोबर बाहेर ठेवत होतो बहुतेक.

मंडळी आमची लहान. बहुतेक घरं मूळची नगरकडची: राहुरी, श्रीरामपूर, शेवगाव. १९७० साली सिडको आली, खाडीच्या या बाजूला कारखाने, शाळा, दवाखाने उभे राहत गेले, तशी आमची माणसं नोकऱ्यांच्या मागे ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळला पोचली. मास्तर आणि नर्सा आमच्याकडे भरपूर. पेटी वाजवणारे पाच. स्टोअरकीपर मी एकटा. त्यामुळे निवृत्त झाल्याच्या पुढच्याच रविवारी मला सेवाकार्य समितीवर घेतलं, आणि मीही पहिली दोन वर्षं बाकीच्यांसारखाच गोड बोलत, चहा पीत काढली.

त्या रात्रीनंतर मी दोन गोष्टी केल्या. दुसरी किल्ली करून शेजारच्या मेडिकलवाल्याकडे पाकिटात ठेवली. तो मारवाडी, रात्री अकरापर्यंत दुकानात, आमच्या कुठल्याच गटातटात नाही. आणि कपाटाला बिन कार्डं लावली. बिन कार्ड म्हणजे रॅकवर टांगलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर पाच रकाने: तारीख, आलं, गेलं, शिल्लक, सही. तांदळाचं एक, डाळीचं एक, तेलाचं एक. शेजारी सुतळीनं बांधलेलं पेन, कारण पेन नसलं की सही ‘नंतर करतो’वर जाते, आणि नंतर कधीच येत नाही.

पुढच्या रविवारी झूमवरची उपासना संपली आणि वाद पेटला.

“हे देवाचं काम आहे, कंपनीचं गोडाऊन नाही,” एक ज्येष्ठ पंच म्हणाले. दुसऱ्यांनी शास्त्रच काढलं: उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. मी म्हटलं, दादा, ते देणाऱ्याला सांगितलंय. वाटणाऱ्याला दोन्ही हातांचा हिशेब लागतो. मग तो प्रश्न आला, जो मला ठाऊकच होता की येणार: “म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?”

मी गप्प बसलो. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. इथे लिहितो.

त्याच्या आदल्या नाताळात आम्ही पन्नास घरांना फराळाचं सामान वाटलं होतं. सामानाची व्यवस्था महिला मंडळातल्या एका मावशींकडे होती. नवरा लवकर गेलेला, धुणीभांडी करून दोन मुलं शिकवलेली. चर्चला यायच्या तेव्हा सगळ्यांच्या आधी येऊन केर काढायच्या. वाटपाच्या दिवशी तेलाच्या सहा पिशव्या कमी पडल्या. कुणी काही बोललं नाही. आमच्यात कुणी कधी तोंडावर बोलत नाही. पण चहाच्या वेळी एकीनं दुसरीकडे पाहिलं, दुसरीनं ‘असू दे, गरज असते एखाद्याला’ असं मायेनं म्हटलं. ते मायेचं वाक्य मावशींच्या कानावर गेलं. त्यांनी शांतपणे डाळीची उरलेली पाकिटं मोजून माझ्या हातात दिली. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मार्चमध्ये, चर्च बंद व्हायच्या आठवडाभर आधी, कॉयरची जुनी पेटी दुरुस्तीला न्यायची म्हणून हलवली. तिच्या मागे खोक्यात तेलाच्या सहा पिशव्या. कुणीतरी जागा करायला सरकवून ठेवल्या होत्या.

मी आणि पाळकसाहेब त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, प्रार्थना झाली. मावशी म्हणाल्या, “माझ्याबद्दल कुणी काही बोललंच नाही ना साहेब, मग माफी कशाची मागता?” त्या आता दिघ्याच्या बाजूला दुसऱ्या मंडळीत जातात. तिथेही केर काढतात असं ऐकलं.

तेव्हा कपाटावर एक पुठ्ठा टांगलेला असता, पन्नास आलेल्या, चव्वेचाळीस गेलेल्या, शिल्लक सहा आणि खाली सही, तर सगळ्यांनी आधी पिशव्या शोधल्या असत्या. नोंद नव्हती म्हणून माणसाकडे बघितलं गेलं. गरिबाकडे आधी बघितलं गेलं, हेही लिहिलं पाहिजे. तेलाच्या पिशव्या एखाद्या बँक मॅनेजरच्या ताब्यात असत्या तर आम्ही निमूटपणे दुकानदाराला फोन करून ‘सहा कमी पाठवल्यात’ म्हणून भांडलो असतो.

विश्वासाच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. झूमवर दिलं नाही, एवढंच.

स्टोअरकीपर शास्त्र वाचायला लागला की त्याला भलत्याच जागा दिसतात. पाच हजारांना जेवू घातल्याच्या गोष्टीवर मी आयुष्यात किमान तीस प्रवचनं ऐकली असतील. मार्कनं लिहिलंय की लोकांना आधी शंभर-शंभर, पन्नास-पन्नासच्या पंक्तींनी गवतावर बसवलं, वाटप त्यानंतर. जेवणं झाल्यावर उरलेले तुकडे गोळा केले आणि ते मोजले. बारा टोपल्या. चमत्कार झाला म्हणून शिल्लक मोजायची कुणी सोडली नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच रोजच्या वाटपावरून कुरकुर आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय. प्रेषितांनी त्या कामासाठी सात माणसं नेमली, नावानिशी. पौल तर यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा एकटा न्यायलाच तयार नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, मागाहून कुणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात आहे. आणि शिष्यांची थैली कुणाकडे होती, तर यहूदाकडे! पैशाची पेटी एकट्याच्या हवाली करणाऱ्या प्रत्येक कमिटीनं ते वाक्य भिंतीवर लावावं असं मला फार वाटतं, पण खजिनदार माझे व्याही आहेत.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की करुणा, त्याग, प्रार्थना, सगळं खरं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका उचलून आणल्या. मला नेहमी पुढचं दिसतं. आणल्यावर त्या सगळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेवल्या कशा? केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनात, विहिरी होत्या, शेती होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. एवढ्या पोटांचं रोजचं धान्य कुणीतरी मापून काढत असणार. त्या मापारीण बाईचं नाव कुठल्या प्रवचनात येत नाही.

पैशाचं आमचं मोठं साधन म्हणजे कापणीचा सण. गावाकडे लोक शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवायचे, मग त्याचा लिलाव. इथे शेत कुणाकडेच नाही. ऐरोलीच्या मार्केटातून दुधीभोपळे, केळीचे घड, ऊस, अंडी विकत आणायची, देवापुढे ठेवायची आणि आपणच लिलावात परत घ्यायची. एका वर्षी एक साधा नारळ अकराशेपर्यंत चढला, कारण दोन साडू एकमेकांपुढे हटेनात आणि दोघांच्या बायका शेजारीशेजारी बसलेल्या. टाळ्या, हशा, ‘बोला, बोला!’ त्या दिवशी फळ्यावर एकूण आकडा बघून आम्ही लगेच इलठणपाड्यातल्या अभ्यासिकेसाठी टेबलं, खुर्च्या आणि पंखे सांगून टाकले.

पैसे आले निम्मे. बाकीचे ‘बोललेले’. नारळाचे अकराशे तर अजून येताहेत. फर्निचरवाला दर आठवड्याला फोन करायचा आणि मी त्याला ‘पुढच्या रविवारी नक्की’ सांगायचो. स्टोअरमध्ये पर्चेस ऑर्डर म्हणजे माल नव्हे हे मी ट्रेनी पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत, ‘बोलले’ आणि ‘आले’, आणि खर्च दुसऱ्या रकान्यावर. बोललेल्यांची यादी मंडळीत वाचून दाखवावी अशी एक सूचना आली होती. मी विरोध केला. लिलावाच्या भरात माणूस चढतो. त्याला नंतर एकट्यात गाठून ‘दादा, जमेल तेवढं द्या, नाहीतर खोडून टाकतो’ म्हटलं की बहुतेक जण देतात. जे देत नाहीत ते पुढच्या वर्षी लिलावात हात खाली ठेवतात. तेवढं पुरे.

मीटिंगांबद्दल फार लिहीत नाही, घरी राहायचंय. एकच सांगतो. आमच्याकडे मीटिंग प्रार्थनेनं सुरू होते आणि प्रार्थनेनंच संपते, आणि ज्याचा मुद्दा मीटिंगमध्ये पडला तो शेवटच्या प्रार्थनेत तो पुन्हा मांडतो. “हे प्रभू, ज्यांची अंतःकरणं पैशाच्या हिशेबात कठीण झाली आहेत, त्यांना स्पर्श कर.” डोळे मिटलेले, हात जोडलेले, उत्तर कसं देणार? शेवटी ‘आमेन’ म्हणावं लागतं, आणि ठराव माझ्याविरुद्ध एकमतानं पास.

लॉकडाऊनमधली सगळ्यात मोठी चूक किल्लीची नव्हती. ती यादीची होती. एका गल्लीत तीन संस्था पोचल्या, दोन गल्ल्या सोडून चौथीत कुणीच नाही. रस्त्याला लागून असलेल्या घरांत तेलाच्या पिशव्या साठल्या आणि डोंगराच्या बाजूला, जिथे पाण्यासाठीसुद्धा चढ चढावा लागतो, तिथे लोक उपाशी. आम्ही गाडी जाते तिथवर जात होतो. मग पाड्यातल्या एका अंगणवाडी ताईंनी मला अक्षरशः रागे भरलं: “काका, तुम्ही लोकं फोटोला जागा असते तिथंच देता.” ते लागलं, कारण खरं होतं. त्याच संध्याकाळी मी तिथल्या गणेशोत्सव मंडळाच्या पोरांना आणि लंगरचं जेवण आणणाऱ्या सरदारजींना फोन केले. पाच मिनिटांत वाटणी झाली: वरच्या चार गल्ल्या मंडळाच्या, शिजवलेलं अन्न सरदारजींचं, ज्यांच्याकडे कार्ड नाही ती घरं आमची. यादी ताईंनी करायची, आम्ही एक नाव वाढवायचं नाही की कमी करायचं नाही. आमच्या समितीतल्या काहींना हे रुचलं नाही. आपल्या पिशवीवर आपलं वचन छापलेलं असावं, अशी त्यांची इच्छा होती. पिशव्या छापायला तेव्हा दुकानं बंद होती, म्हणून तो प्रश्न देवानंच सोडवला.

कपड्यांचं तर विचारूच नका. ‘जुने कपडे द्या’ म्हटलं की घरं रिकामी होतात. एका पायाची सँडल, चेन गेलेली स्कूल बॅग, जरीचे ब्लाऊज, एकदा तर सफारी सूट, आतल्या खिशात २००३ सालचं लग्नाचं आमंत्रण. देणाऱ्याला वाटतं आपण दान केलं. आम्ही तीन शनिवार निवडत बसतो आणि शेवटी निम्मं भंगारवाल्याला. तीन वर्षांपूर्वी मी सूचना लावली: कपडे नकोत, शाळेचे कोरे मोजे हवेत. दोन आठवडे कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मग मोजे यायला लागले. मुलांच्या मापाचे, जोडीनं.

चष्म्याची गोष्ट मात्र अजून खुपते. २०२२ मध्ये आम्ही डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. चष्मे फुकट देऊ म्हणून एका संस्थेनं शब्द दिला होता, शब्दच. दोनशेच्या वर माणसं आली, नंबर काढले, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. फोटो सुंदर आले. चष्मे आले नाहीत. आधी महिनाभर ‘येताहेत’, मग त्या साहेबांचा फोनच लागेना. बाजारात भाजीच्या गाडीवर एक आजी मला दिसल्या की पदराच्या गाठीतून ती चिठ्ठी काढायच्या. घड्या पडून पडून आकडे पुसलेले. अशा नऊ-दहा जणांचे आम्ही खिशातून केले, आजींचाही. बाकीच्यांना आम्ही फक्त एवढंच सांगितलं होतं की तुम्हाला नीट दिसत नाही. ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

कागदांचं काम सगळे टाळतात म्हणून ते माझ्याकडे आलं. ट्रस्ट नोंदलेला आहे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्या शेड्यूल वनवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, विश्वस्तांची पाच नावं, त्यातले दोघं केव्हाच प्रभूजवळ गेलेले, एक कॅनडात. बँकेत सह्या बदलायला गेलो तेव्हा हे उघडकीला आलं. मग मृत्यूचे दाखले, सभेच्या नोटिसा, ठरावांच्या नकला, विलंब माफीचा अर्ज, आणि ठाण्याला खेपा. वकीलबाई म्हणाल्या, “काका, माणसं गेल्यावर स्मरणसभा घेतली होती ना? त्याच आठवड्यात अर्ज द्यायचा.” आता स्मरणसभेच्या खर्चाच्या यादीत हार, चहा आणि बदल अर्ज अशा तीन ओळी असतात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण चालतं.

माझ्या मावसभावानं न्यू जर्सीहून अभ्यासिकेला दोन हजार डॉलर देतो म्हणून कळवलं तेव्हा घरात आनंदीआनंद. तो तिकडचा नागरिक झालाय, म्हणजे त्याचा पैसा परदेशी देणगी. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमच्याकडे नोंदणी नाही. तो म्हणाला, माझ्या बहिणीच्या खात्यात टाकतो, ती देईल. समितीत चार जणांना ही युक्ती फार आवडली. मी नाही म्हटलं. भावानं तीन महिने फोन उचलला नाही. आपल्याच माणसांना नाही म्हणायचं हे असलं काम रिटायर झाल्यावर माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं; कंपनीत निदान पगार मिळायचा.

गेल्या ईस्टरनंतर मी समिती सोडली. गुडघे. कपाट आता संडे स्कूल शिकवणाऱ्या एका पोरीकडे आहे, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्याच आठवड्यात तिनं सगळी बिन कार्डं मोबाइलवरच्या शीटमध्ये चढवली. डाळीच्या गोणीवर तारखा टाकल्या, जुनी आधी काढायची म्हणून. हे माझ्याकडून राहून गेलं होतं आणि दोनदा पोरकिडे झाले होते. पुठ्ठे तिनं काढले नाहीत. म्हणाली, मोबाइलची बॅटरी जाते, काका.

परवा महिला मंडळाची सभा होती, चहापत्ती संपली. मी नेहमीसारखा आत गेलो, कपाट उघडंच होतं, एक पाकीट उचललं आणि दाराकडे वळलो.

“काका, सही.”

“अगं, आपल्याच चहाला नेतोय.”

“हो. पण किटमधलं आहे ना ते?”

बायका पलीकडून बघत होत्या. मी पाकीट परत ठेवलं, खिशातून पन्नासची नोट काढून मुलाला खाली दुकानात पिटाळलं. ती तोवर कार्ड हातात धरून उभीच. चौदा पाकिटं, मोजली. सुतळीला बांधलेल्या पेनानं खाली लिहिलं: शिल्लक चौदा. मग ते पेन माझ्यापुढे धरलं.

“तुम्ही पण करा. मोजताना तुम्ही होता.”